गॅस्केट सीलंट: कुठे कोणतं आणि कसं लावायचं

इंजिनच्या तळाचा ऑइल चेंबर उतरवला, जुनं पॅकिंग खरवडलं, ट्यूबमधलं सिलिकॉन भरपूर लावलं, बोल्ट आवळले, ऑइल भरलं. चार दिवसांनी त्याच कोपऱ्यातून पुन्हा ठिपके. मग दुसऱ्या रंगाची ट्यूब येते आणि गळती तशीच राहते. अशा वेळी ट्यूबमध्ये दोष क्वचित असतो. सांध्याला न जुळणारा प्रकार, फेसवर राहिलेला तेलाचा थर आणि सुकण्याआधी केलेली घाई या तिन्हींपैकी एक गोष्ट जवळजवळ नेहमी सापडते. आणि कित्येकदा त्या सांध्याला सीलंट लागतच नसतं.

या लेखात 'फेस' म्हणजे दोन भाग एकमेकांवर जिथे टेकतात तो पृष्ठभाग. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. यातली एखादी पुढे-मागे झाली की बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

१. गळती नक्की कुठून आहे ते ठरवा

तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. चेंबरच्या मागच्या कडेला दिसणारं तेल पुष्कळदा वरच्या टॅपेट कव्हरमधून आलेलं असतं. इंजिन बाहेरून धुऊन पूर्ण कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होते, ती खरी जागा.

आता ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी नळी, तपासा. क्रॅंककेसचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीचा, किंवा गिअरबॉक्सचा ब्रीदर तुंबला असेल तर आत दाब साठतो आणि तो सगळ्यात कच्च्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. तुंबलेल्या ब्रीदरवर नवं सीलंट म्हणजे महिन्याभरात तेच काम पुन्हा.

तपासा: ब्रीदरची नळी काढून फुंकर मारा. हवा अडत असेल तर आधी नळी आणि झडप साफ करा, गळती पुन्हा पाहा आणि मगच पाना हातात घ्या.

२. सांधा पाहून सीलंट निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ट्यूबच्या रंगाला सर्वमान्य अर्थ नाही. एका कंपनीचा काळा म्हणजे तेलासाठीचा, तर दुसरीचा काळा सर्वसाधारण वापराचा. म्हणून वेष्टनावर तीन गोष्टी वाचा: कोणत्या द्रवाला चालतं, किती तापमानाला चालतं आणि किती फट भरतं.

*सिलिकॉन, म्हणजे आरटीव्ही.* हे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि घट्ट झाल्यावर रबरासारखं लवचिक राहतं. पत्र्याचा चेंबर, टायमिंग कव्हर, थर्मोस्टॅटचं घर अशा थोडी फट असलेल्या आणि थोड्या हलणाऱ्या सांध्यांसाठी हे योग्य. साधी सिलिकॉनं सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात, जास्त उष्णतेसाठी बनवलेली थोडा वेळ ३०० च्या आसपासही सोसतात. पेट्रोलला मात्र सिलिकॉन चालत नाही. ते पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि तुकड्यांनी सुटतं. कार्ब्युरेटर, इंधन पंप, पेट्रोलच्या टाकीचा फ्लोट बसतो ती जागा, इथे ट्यूब नेऊच नका.

सिलिकॉनचेही दोन गट आहेत. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. ते तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा आणि उघडं लोखंड गंजवतं, त्यामुळे इंजिनमध्ये टाळा. ज्याला तो वास नसतो ते न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या इंजिनसाठी वेष्टनावर 'सेन्सर सेफ' लिहिलेलं हवं. साध्या सिलिकॉनमधून उडणारी वाफ ब्रीदरमार्गे ज्वलनकक्षात जाते, तिथे जळते आणि सेन्सरच्या टोकावर वाळूसारख्या सिलिकाचा थर धरते.

*अ‍ॅनएरोबिक सीलंट.* हे नेमकं उलट वागतं. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. मशीन केलेले दोन कडक, सपाट धातूचे फेस, म्हणजे गिअरबॉक्सची केसिंग, पंपाचं कव्हर, बेअरिंगचं घर, ही त्याची जागा. साधारण ०.२५ मिमीपर्यंतची फट भरतं आणि बहुतेक ग्रेड सुमारे १५० अंशांपर्यंत चालतात. याचा मोठा फायदा असा की आत दाबलं गेलेलं जादा सीलंट हवेत द्रवच राहतं आणि तेलात मिसळून जातं, त्याचा रबरी गोळा होत नाही. पत्र्याच्या चेंबरला हे वापरू नका, तिथली फट त्याच्या आवाक्याबाहेरची असते. प्लॅस्टिकच्या भागांवरही नको. एक तर ते घट्ट होत नाही आणि काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. स्टेनलेस, जस्ताचा मुलामा किंवा अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते फार सावकाश जमतं. अशा वेळी त्याच कंपनीचा, जमणं वेगाने करणारा अ‍ॅक्टिव्हेटर आधी मारावा लागतो.

*न सुकणारी आणि शेलॅकसारखी सीलंट.* कागदी किंवा फायबरचं पॅकिंग जागेवर धरायला आणि त्याच्या बारीक छिद्रांतून तेल झिरपू नये म्हणून यांचा पातळ हात मारतात. यात द्रावक असतो. लावल्यावर तो उडून चिकटपणा येईपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. ओलं असतानाच दाबलं तर पॅकिंग घसरतं आणि कडेने बाहेर येतं.

*आट्यांचं सीलंट.* निमुळते आटे असतील तिथेच लागतं. समांतर आटे आणि खाली वॉशर असेल तर गळती वॉशर अडवतो, आटे नव्हे. टेफ्लॉन टेप लावायची तर आट्याचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे द्या आणि पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा. इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या जोडांना टेप नको. तिचे धागे तुटून झडपांमध्ये अडकतात.

*एक्झॉस्टची पेस्ट.* ही उष्णतेने दगडासारखी कडक होते. सायलेन्सरच्या पाइपांच्या सांध्यांपलीकडे तिचा उपयोग नाही.

सीलंट लावायचंच नाही अशा जागा पाठ असू द्या:

- थरांच्या स्टीलचं हेड गॅस्केट. त्यावर कारखान्यातच लेप दिलेला असतो. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सांगितलं असेल तरच ब्लॉक आणि टायमिंग कव्हर मिळतात त्या सांध्यावर ठिपका.
- ओ-रिंग. तिला त्याच यंत्राचं स्वच्छ तेल पुरतं.
- खोबणीत बसणारं साच्यातलं रबरी पॅकिंग. सिलिकॉन लावलं की ते निसरडं होऊन आवळताना बाहेर सरकतं. अपवाद फक्त अर्धगोल रबराचे कोपरे आणि कॅमशाफ्ट धरणाऱ्या कॅपपाशी येणारी पायरी. तिथे ३–४ मिमीचा ठिपका लागतो.
- ब्रेकचा कोणताही द्रव-सांधा. इथे सीलंटला काहीही जागा नाही.

सावधान: ज्या कागदी पॅकिंगची जाडी मापाची असते त्याऐवजी सिलिकॉन भरू नका. ऑइल पंपाच्या आणि वॉटर पंपाच्या कव्हरखालचं पॅकिंग पुष्कळदा आतल्या चाकाची मोकळीक ठरवतं. ०.३ मिमीचं पॅकिंग काढून नुसता सीलंटचा पापुद्रा ठेवला तर चाक कव्हरला घासतं. जिथे चीर बेअरिंगच्या मधून जाते अशा क्रॅंककेसमध्ये तर बेअरिंगची मोकळीकच बदलते. तिथे पुस्तिकेने सांगितलेलाच प्रकार वापरा.

३. भाग सोडवणं आणि जुना थर काढणं

इंजिन थंड करा. तेल काढल्यावर शक्य असेल तर रात्रभर निथळू द्या. घाईत उघडलेल्या इंजिनमधून तास-दोन तास थेंब पडत राहतात आणि साफ केलेल्या फेसवर नेमके तेच येतात.

चिकटलेलं कव्हर सोडवायला फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर एक खोच पडली की तिथून कायमची गळती. पुष्कळ कव्हरना उचकटण्यासाठी वेगळे कान किंवा दोन मोकळे आटे दिलेले असतात. त्या आट्यांत बोल्ट घालून सारख्या फेऱ्यांनी आवळले की कव्हर आपोआप वर येतं. कान नसतील तर रबरी हातोडीने कडेवर आडव्या टिचक्या द्या, किंवा सीलंट कापायची पातळ पाती आत सरकवा.

जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढा. गॅस्केट रिमूव्हर मारून दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर निम्मे कष्ट वाचतात. जुन्या यंत्रांच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. संशय असेल तर ते कोरडं खरवडू नका, ओलं ठेवूनच काढा आणि धूळ उडू देऊ नका.

सावधान: ग्राइंडरवरची घासणारी गोल चकती, पॉलिश पेपर किंवा वायर व्हील उघड्या इंजिनजवळ नको. चकतीतून सुटणारे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण तेलात उतरून बेअरिंग खातात. शिवाय चकती फेसवर खळगे पाडते, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

खरवडायला सुरुवात करण्यापूर्वी उघड्या पोकळ्या स्वच्छ फडक्याने बंद करा. किती फडकी घातली ते मोजून ठेवा.

४. फेस सपाट आहे का ते पाहा

फेसवर सरळपट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. कडक कास्टिंगच्या फेसखाली ०.०५ मिमीची फिलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) सरकत नसेल तर अ‍ॅनएरोबिक निश्चिंतपणे वापरा. ०.१–०.२ मिमीपर्यंत असेल तर अजून चालेल. त्याहून जास्त वाकला असेल तर फेस मशीन करून घ्या, सीलंटवर भिस्त ठेवू नका.

पत्र्याच्या चेंबरची गोष्ट वेगळी. आधी कोणीतरी जोरात आवळलेला असतो, त्यामुळे प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा वर उचललेला असतो. मग बोल्टपाशी टेकतं आणि मधे फट राहते. चेंबरची कड लाकडी ठोकळ्यावर सपाट ठेवा आणि गोल तोंडाच्या हातोडीने प्रत्येक भोक हलकेच ठोकून सपाटीला आणा. ही दहा मिनिटं चुकवणाऱ्याचा चेंबर कोणत्याही सीलंटने थांबत नाही.

कास्टिंगमध्ये आटे पाडलेल्या भोकांचीही कड उचलली जाते. तेलदगड सपाट धरून दोन-चार हात फिरवा.

५. तेलाचा शेवटचा अंश काढा

रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल यांनी मळ निघतो, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो. शेवटची पुसणी ब्रेक क्लीनर, अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच करा. कापडावर द्रव घ्या, एकाच दिशेने पुसा, दर वेळी कापडाची नवी घडी वापरा आणि कापड पांढरं निघेपर्यंत थांबू नका. रंगवलेल्या आणि प्लॅस्टिकच्या भागांवर अ‍ॅसिटोन नको.

बोल्टची भोकंही साफ करा. ज्या भोकाचं बूड बंद असतं त्यात तेल, पाणी किंवा सीलंट साचलं तर आवळताना द्रव दाबला जातो आणि कास्टिंगला तडा जातो. हवेचा झोत मारा, डोळ्यांना चष्मा लावून.

तपासा: फेसवर पाण्याचा थेंब टाका. पसरला तर स्वच्छ, गोळा होऊन उभा राहिला तर तेल बाकी आहे. पाणी पुसून पुन्हा एकदा द्रावक फिरवा आणि यानंतर फेसला उघडं बोट लावू नका.

६. कोरडी जुळणी

सीलंट न लावता भाग एकदा बसवून पाहा. डॉवेल पिना (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का, कव्हर कशात अडकतं का, कोणता बोल्ट कुठे लांब आणि कुठे आखूड, हे आत्ताच कळायला हवं. सीलंट लावल्यावर कव्हर हातात धरून बोल्ट शोधण्यात जी पाच मिनिटं जातात, तेवढ्यात सिलिकॉन पापुद्रा धरतं. जड भागाला दोन खुंटीबोल्ट तात्पुरते लावून ठेवा, म्हणजे तो सरळ खाली उतरेल, आडवा घासणार नाही.

ट्यूबचीही परीक्षा घ्या. पुठ्ठ्यावर थोडं सिलिकॉन काढा. वेष्टनावरच्या वेळेत, साधारण अर्ध्या तासाच्या आत, वर सायीसारखा पापुद्रा धरला नाही तर ती ट्यूब मेलेली आहे.

७. सीलंट लावणं

नायट्राइलचे हातमोजे घाला. अ‍ॅनएरोबिकची कातडीला अ‍ॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की जात नाही. जागा हवेशीर हवी.

सिलिकॉनच्या तोंडाचं टोक तिरकं कापा. भोक कितीचं ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे. २ मिमी जाडीची गोल रेघ ०.३ मिमीपर्यंत दाबली गेली की सुमारे १० मिमी पसरते. ३ मिमीची रेघ तेवढ्याच फटीत २३ मिमी पसरते आणि ५ मिमीची ६५ मिमी. फेसची रुंदी मात्र बहुधा १०–१५ मिमीच असते. उरलेलं निम्मं आत जातं, रबराची लोंबती किनार बनते, तुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो आणि इंजिन जॅम होतं. म्हणून कास्टिंगला २ मिमी, पत्र्याच्या चेंबरला ३ मिमी. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच.

रेघ एकाच फेसवर ओढा, भोकांच्या आतल्या बाजूने, आणि प्रत्येक भोकाला पूर्ण वळसा घाला. भोकाच्या फक्त बाहेरून ओढली तर तेल बोल्टच्या आट्यांवरून बाहेर येतं. रेघ सलग हवी. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यावर येऊ देऊ नका, सरळ भागावर एकमेकांवर १० मिमी चढवा. बोटाने पसरवू नका. पसरवलेला पातळ थर काही मिनिटांत सुकतो आणि दुसऱ्या फेसला चिकटत नाही.

अ‍ॅनएरोबिकची रेघ याहून बारीक, १ ते २ मिमी, पुरते. छोट्या रोलरने पातळ पसरवली तरी चालते, कारण हवेत असेपर्यंत ते घट्ट होत नाही आणि घाई नसते. बाटलीत परत काही ओतू नका. धातूचा कण आत गेला तर उरलेलं सगळं जमतं. ही बाटली अर्धी रिकामी मिळते ती फसवणूक नव्हे, आतली हवाच त्याला द्रव ठेवते.

पाण्याच्या जॅकेटपर्यंत, म्हणजे इंजिनमधल्या कूलंटच्या पोकळीपर्यंत, आरपार जाणाऱ्या बोल्टच्या आट्यांना आट्यांचं सीलंट लागतं. वॉटर पंपाचे काही बोल्ट असे असतात. हे विसरलं तर कूलंट बोल्टच्या डोक्याखालून झिरपतं आणि दोष पॅकिंगवर जातो.

८. बसवणं आणि आवळणं

सिलिकॉन लावल्यापासून सुमारे पाच मिनिटांत, काही ग्रेडना तीनच मिनिटांत, भाग बसलाच पाहिजे. सरळ खाली ठेवा. एकदा टेकल्यावर उचलून पुन्हा ठेवला तर रेघेत हवा शिरते. अशा वेळी सगळं पुसून नव्याने लावण्याला पर्याय नाही.

सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे जा, दोन-तीन फेऱ्यांत. ६ मिमीच्या बोल्टला अशा कव्हरवर बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. एवढं बळ मनगटाच्या जोराने सहज ओलांडलं जातं, म्हणून छोटा टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचं बळ मोजणारा पाना, वापरा.

कडक कास्टिंग असेल तर लगेच पूर्ण टॉर्क द्या. पत्र्याचा चेंबर असेल आणि ट्यूबवर तसं सांगितलं असेल, तर कडेने सीलंट जरासं डोकावेपर्यंत हाताने आवळा, तासभर थांबा आणि मग पूर्ण टॉर्क द्या. पत्रा सीलंटला पूर्ण पिळून काढतो, तासभर थांबल्याने सांध्यात थोडी जाडी शिल्लक राहते. सूचना नसेल तर ही युक्ती स्वतःहून लावू नका.

तपासा: बाहेरच्या कडेला सगळीकडे सारखी बारीक किनार दिसायला हवी. एखाद्या ठिकाणी ती तुटली असेल तर तिथे रेघ कमी पडली आहे. बाहेरून बोटाने भरून काही होत नाही.

९. थांबा

दोन धातूंच्या मधलं सिलिकॉन फक्त कडेकडून आत सुकत जातं, कारण ओलावा तिथूनच शिरतो. २४ तासांत साधारण २–३ मिमी, थंड आणि कोरड्या हवेत त्याहून कमी. रुंद फेसच्या मधला भाग मऊ राहिला तरी कड घट्ट झालेली असेल तर सांधा धरतो. काही कंपन्या दोन तासांनी तेल भरायला परवानगी देतात. लिहिलेलं नसेल तर रात्रभर थांबा आणि कूलंटच्या दाबाखालच्या सांध्याला पूर्ण २४ तास द्या. हीटर लावून घाई करू नका, त्याने हवा कोरडी होते.

अ‍ॅनएरोबिक बाहेर ओघळलेलं दिवसभराने ओलंच दिसेल. ते पुसून टाका. आतलं घट्ट झालेलं असतं.

१०. चाचणी, आणि तरीही गळलं तर

तेल भरा, १०–१५ मिनिटं चालवा, खाली पांढरा कागद ठेवा, थंड होऊ द्या आणि पुन्हा पाहा. कूलंटच्या सांध्याला प्रेशर टेस्टरने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेलाच दाब द्या, जास्त नको.

ठिपका दिसला म्हणून बोल्ट आणखी आवळू नका. घट्ट झालेलं सिलिकॉन त्या हालचालीने फेसवरून सुटतं आणि पत्र्याची भोकं पुन्हा उचलतात. सांधा उघडा आणि निघालेला थर पाहा, चूक कुठे झाली ते तोच सांगतो. एका फेसवरून थर गुळगुळीत, पूर्णच्या पूर्ण सोलून आला तर त्या फेसवर तेल होतं. एका जागी थर जाड आणि गोल राहिला असेल तर फेस वाकलेला आहे. आत चिकट आणि ओला निघाला तर ट्यूब जुनी होती किंवा तेल लवकर भरलं. रेघेत आडवी चमकदार पट्टी दिसली तर भाग बसेपर्यंत तिथे पापुद्रा धरला होता. आणि आतल्या कडेला रबराची लोंबती किनार सापडली, तर पुन्हा बंद करण्याआधी ऑइल पंपाची जाळी काढून बघा.